शेक कुठून गेला होता?

लहानपणी कॅन्सर झाला, उपचार झाले, मूल बरं झालं, मोठं झालं, संसाराला लागलं. मग तिशी-पस्तिशीत पाठ दुखायला लागली, पायांना मुंग्या यायला लागल्या आणि तपासणीत पाठीच्या कण्यात गाठ निघाली. जुना कॅन्सर परत आला, असं घरच्यांना वाटतं आणि त्यांचा धीर सुटतो. इतक्या वर्षांनी निघालेली गाठ बहुधा जुनी नसते. ती वेगळ्या पेशींपासून, वेगळ्या जातीची, नव्याने वाढलेली असते. तिचं मूळ पुष्कळदा पहिल्या आजारावर दिलेल्या उपचारात, विशेषतः रेडिएशनमध्ये सापडतं. डॉक्टर तिला दुय्यम गाठ म्हणतात.

असं क्वचित घडतं, हे आधीच सांगतो. लहानपणी कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बहुतेकांच्या कण्यात आयुष्यभर काहीही उगवत नाही. तरी या क्वचित घडणाऱ्या गोष्टीवर मी एवढं लिहितो आहे, कारण तिच्यातून एक मोठी गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या मुलाला रेडिएशन दिलं, त्याच्या उपचाराची नोंद त्या मुलाच्या आयुष्याइतकी टिकायला हवी. आज ती टिकत नाही. शरीर जे लक्षात ठेवतं ते घर विसरतं, दवाखाना विसरतो, आणि नेमकी गरज पडते तेव्हा सांगायला कुणी उरत नाही.

हे मी वारंगा फाट्याच्या अंगाने लिहितो आहे. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर अकोला-हिंगोलीकडून नांदेडला जाणारा आणि तुळजापूरहून नांदेड, हदगाव, यवतमाळ करत नागपूरला जाणारा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. आखाडा बाळापूर, डोंगरकडा आणि आसपासच्या गावांतला माणूस मोठ्या दुखण्यासाठी निघाला की बहुधा इथूनच गाडी धरतो. नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, आणि शेवटी मुंबईचं टाटा. हा भाग हळद, सोयाबीन आणि कापसाचा. जानेवारीपासून हळदीची काढणी सुरू होते. कुदळीने कंद उकरायचे, माती झटकायची, पाट्या उचलायच्या, शिजवायचं, वाळवायचं. त्या दिवसांत या भागात पाठ न दुखणारा माणूस शोधावा लागेल. इथे कंबर धरते, चमक भरते, ‘मणक्यात गॅप पडलाय’ असं शेजारीपाजारीच निदान करून टाकतात. शंभर दुखऱ्या पाठींमध्ये एखादीच वेगळी असते आणि ती वेगळी आहे हे पाठीकडे बघून कळत नाही. ते कळतं त्या माणसाच्या लहानपणाविषयी एक प्रश्न विचारल्यावर.

समजा, १९९५ साली इथल्या एखाद्या गावातल्या चार वर्षांच्या मुलीच्या पोटात डाव्या बाजूला गाठ लागली. (ही मुलगी माझ्या कल्पनेतली आहे, उपचार मात्र खरे आहेत.) आईला अंघोळ घालताना हाताला ती लागते. या आजाराचा पत्ता पुष्कळदा असाच लागतो. मूत्रपिंडाचा हा लहान मुलांचा कॅन्सर, त्याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. बाप तिला घेऊन नांदेडला आणि तिथून मुंबईला जातो. परळला टाटा रुग्णालयात नंबर लागतो, मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मिळाली तर नशीब. केसपेपरवर पत्ता लिहिला जातो: तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा व्हायला तेव्हा चार वर्षं होती, तो झाला १ मे १९९९ रोजी. डावं मूत्रपिंड काढतात, विन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधं चालू होतात. आजार मूत्रपिंडाबाहेर पसरलेला असला तर पोटाच्या त्या बाजूला रेडिएशनही देतात. आपल्याकडे लोक त्याला शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतं.

हा शेक नेमका कुठून जातो, ते नीट समजून घ्यायला हवं. गाठ डावीकडे होती. मग किरण फक्त डावीकडे द्यावेत आणि कणा वाचवावा, असं कुणालाही वाटेल. पूर्वी तसं झालंही. पण वाढत्या मुलाच्या मणक्याच्या अर्ध्याच भागावर किरण पडले तर तो अर्धा भाग वाढायचा थांबतो, उरलेला वाढत राहतो आणि पाठ एका बाजूला वाकते. मूल सात-आठ वर्षांनी वाकडं दिसायला लागतं. हा अनुभव घेतल्यावर डॉक्टरांनी ठरवलं की किरणांची हद्द कण्याच्या मध्यावर तोडायची नाही, मणक्याची पूर्ण रुंदी आत घ्यायची. वाढ खुंटली तर दोन्ही बाजूंची सारखीच खुंटावी. उंची थोडी कमी राहील, पण पाठ सरळ राहील. निर्णय शहाणपणाचा होता आणि आजही तो पाळला जातो. त्याचा अर्थ मात्र असा, की ज्या मुलीचा आजार मूत्रपिंडाचा होता तिचे चार-पाच मणके, त्यांच्या आतली मज्जारज्जूची आवरणं आणि तिथून निघणाऱ्या नसांची मुळं या सगळ्यांनी शेक घेतला, आणि तो मुद्दाम दिलेला होता. तीस वर्षांनी पाठ दाखवायला गेल्यावर ‘लहानपणी किडनीचं ऑपरेशन झालं होतं’ एवढंच ती सांगेल. ऐकणाऱ्याला किडनी आणि कणा यांचा संबंध सुचायचं काही कारण नाही.

किती शेक दिला, यालाही महत्त्व आहे. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. अमेरिकेत १९६९ साली विल्म्स ट्यूमरचा मोठा राष्ट्रीय अभ्यास सुरू झाला तेव्हा मुलाच्या वयाप्रमाणे १८ ते ४० ग्रे देत असत. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की औषधांची जोड असेल तर बऱ्याच मुलांना १०.८ ग्रे पुरतात. म्हणजे एकाच आजाराची दोन मुलं, एक आधीच्या काळातलं आणि एक नंतरचं, यांच्या मणक्यांनी जवळजवळ चौपट फरकाने शेक घेतलेला असू शकतो. ‘शेक घेतला होता’ एवढी आठवण म्हणूनच अपुरी पडते. आकडा हवा.

कण्याला शेक लागण्याचे इतरही रस्ते आहेत. मेंदूच्या मागच्या भागातला मेड्युलोब्लास्टोमा हा कॅन्सर मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून खाली पसरतो, म्हणून त्यात डोक्यापासून माकडहाडापर्यंत सगळ्या कण्याला किरण देतात. पूर्वी ३६ ग्रे देत, आता धोका कमी असलेल्या मुलांना औषधांच्या जोडीने २३.४ ग्रे देतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीच्या काळात काही मुलांना डोक्यासोबत कण्यालाही शेक दिला जाई. हॉजकिन आजारात मान आणि छातीला शेक देताना मागचा कणा वाटेत येतोच. न्यूरोब्लास्टोमा तर पुष्कळदा कण्याजवळच वाढतो.

आता मुख्य प्रश्न. गाठ इतक्या उशिरा का येते?

किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. कॅन्सरची पेशी घाईघाईने वाढणारी, तिला हे तुकडे जोडता येत नाहीत आणि ती मरते. निरोगी पेशी तुकडे जोडते आणि जगते. हजारो पेशींमध्ये एखादी मात्र तुकडे चुकीचे जोडते आणि तरीही जगते. त्या चुकीने ती लगेच कॅन्सरची होत नाही. तिच्या वाढीवरचा एखादा लगाम तेवढा सुटलेला असतो. पुढे वर्षानुवर्षं ती विभागत राहते, तिच्या वंशात आणखी एखादी चूक घडते, मग आणखी एक. या चुका साठायला दशकं लागतात. मज्जारज्जूच्या आवरणातल्या पेशींपासून मेनिंजिओमा होतो, नसांच्या वेष्टणापासून श्वानोमा, मज्जारज्जूच्या आतून ग्लायोमा आणि हाडातून सार्कोमा. पहिल्या दोन जाती बहुधा साध्या असतात आणि फार हळू वाढतात. शेवटच्या दोन दुष्ट असू शकतात. लहान मुलाच्या शरीरात पेशी भराभर विभागत असतात, म्हणून जितक्या लहान वयात शेक, तितका पुढचा धोका जास्त.

हा अंदाज नाही. याचा फार मोठा पुरावा एका चुकीतून मिळाला. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात डोक्यातल्या नायट्यासाठी हजारो मुलांच्या डोक्याला किरण दिले गेले. तेव्हा जगभर हीच पद्धत होती. नायट्याला किरण! त्यांतल्या सुमारे ११ हजार मुलांचा पाठपुरावा झाला आणि १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूला सरासरी दीड ग्रे इतकीच मात्रा मिळाली होती, तरी मेनिंजिओमाचं प्रमाण साडेनऊ पट निघालं. नसांच्या वेष्टणाच्या गाठीही वाढलेल्या दिसल्या. या मुलांना कॅन्सर नव्हता, त्यांना केमोथेरपी मिळाली नव्हती, त्यामुळे दोष कशाचा याविषयी शंका राहिली नाही. यांतल्या पुष्कळ गाठी किरण दिल्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी उघडकीला आल्या.

कॅन्सरमधून वाचलेल्या मुलांचा एक फार मोठा अभ्यास अमेरिकेत १९९४ साली सुरू झाला. १९७० ते १९८६ दरम्यान निदान झालेल्या १४ हजारांहून अधिक मुलांचा त्यात माग ठेवला गेला. मेंदू आणि मज्जारज्जूच्या नव्या गाठींची मोजणी झाली तेव्हा ग्लायोमा पहिल्या आजारानंतर मधल्या हिशोबाने ९ वर्षांनी आणि मेनिंजिओमा १७ वर्षांनी सापडल्याचं दिसलं. निदानानंतर ३० वर्षांत साध्या-दुष्ट मिळून कुठली तरी नवी गाठ झालेल्यांचं प्रमाण २०.५ टक्के होतं, दुष्ट कॅन्सरचं ७.९ टक्के आणि मेनिंजिओमाचं ३.१ टक्के. यातले मेनिंजिओमा बहुतांशी डोक्यातले. कण्यातल्या गाठी त्याहून पुष्कळ विरळ.

हे आकडे घाबरवण्यासाठी देत नाही. त्या चार वर्षांच्या मुलीला शेक मिळाला नसता तर ती कदाचित पुढे जगली नसती. तिला पस्तिशी गाठता आली, पाठ दुखण्याइतकं जगता आलं, ते त्याच किरणांमुळे. शिवाय डॉक्टर या अनुभवातून शिकत आले आहेत. याच अमेरिकी अभ्यासात पुढे नंतरच्या काळातली मुलंही घेतली गेली. १९७० च्या दशकात ७७ टक्के मुलांना रेडिएशन मिळालं होतं. १९९० च्या दशकात हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं, आणि त्याबरोबर १५ वर्षांतल्या दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाणही २.१ वरून १.३ टक्क्यांवर उतरलं. खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार सुरू झाले. प्रोटॉनचा किरण ठरलेल्या खोलीवर थांबतो, त्यामुळे कण्याला शेक देताना पुढचं हृदय आणि आतडी वाचतात. कणा स्वतः मात्र तिथेही सुटत नाही, आणि वाढत्या मुलाच्या पाठीला बाक येऊ नये म्हणून मणक्याची पूर्ण रुंदी इथेही आत घेतात. उपचार सुधारला, तरी नोंदीची गरज संपत नाही.

बरं करणं पुरेसं नाही, हे विल्म्स ट्यूमरवर आयुष्य घालवलेले अमेरिकी डॉक्टर ज्युलिओ डी’अँजिओ यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, त्याला ‘ॲक्ट’ क्लिनिक म्हणतात. भारतात असं काम तेव्हा कुठेच नव्हतं. मुलं वाचवण्याचीच मारामार असताना, वाचलेल्या मुलाचं वीस वर्षांनी काय होईल याचा विचार मुंबईत एका डॉक्टरने केला, हे मला फार मोलाचं वाटतं. मोठी झालेली ही मुलं पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ नावाच्या गटात एकत्र आली.

पण क्लिनिकपर्यंत पोचायला वारंग्याहून मुंबईला जावं लागतं. पहिली पाच वर्षं बाप नेतो, कारण भीती ताजी असते. मग मुलगी शाळेत रमते, दिसायला धडधाकट असते, एकदा पेरणी आडवी येते, एकदा पैसा. सहाव्या-सातव्या वर्षी खेप चुकते ती चुकतेच. आणि धोका तर त्यापुढच्या वर्षांत वाढत जाणारा.

नोंद पुसली कशी जाते, ते बघू. आजारपणात मुलगी चार वर्षांची होती. तिला स्वतःला आठवतं ते एवढंच, की केस गेले होते आणि रेल्वेने जायचो. माहिती होती ती बापाला. बाप म्हातारा होतो, एक दिवस जातो. फाईल ट्रंकेत असते. पावसाळ्यात एक्स-रेच्या फिल्म एकमेकींना चिकटतात, केसपेपरची शाई उडते, घर बांधताना ट्रंक हलते आणि काळी पिशवी कुठे गेली ते कुणालाच कळत नाही. दवाखान्याचं म्हणाल, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायच्या असतात. तीन वर्षं! ज्या परिणामाला सतरा, पंचवीस, तीस वर्षं लागतात, त्याच्यासाठी नियम तीन वर्षांचा. आजोबांच्या नावचा सातबारा आणि फेरफार आपण जपून ठेवतो, एका गुंठ्याच्या वादात तो पन्नास वर्षांनी बाहेर काढतो. पोरीच्या पाठीतून किती किरण गेले त्याचा उतारा मात्र कुणाकडेच नसतो.

याहून एक मोठं कारण आहे आणि ते आपल्या सगळ्यांचं आहे. लग्न. लहानपणी कॅन्सर झाला होता हे कळलं तर मुलीला स्थळ येणार नाही, मुलाला कुणी मुलगी देणार नाही, या भीतीने आईबाप ती गोष्ट पुरून टाकतात. फाईल कधी कधी हरवत नाही, ती जाळली जाते. पोटावरच्या व्रणाला ‘लहानपणचं अपेंडिक्स’ म्हणायचं, असं पोरीला शिकवून ठेवतात. मी त्या आईबापांना दोष देणार नाही, त्यांनी पोर एकदा मरणातून ओढून आणलेली असते आणि तिचा संसार व्हावा यासाठी ते काहीही करतील. पण याचा परिणाम असा होतो की सासरी पाठ धरल्यावर नवऱ्यासमोर, सासूसमोर डॉक्टरने ‘आधी काही मोठा आजार?’ विचारलं, तर ती ‘नाही’ म्हणते. ज्याने तिची सुटका होऊ शकली असती तो एकमेव धागा तिथे तुटतो. हे बदलायला डॉक्टर पुरणार नाहीत. ज्या घरात सून येते त्या घरालाच ते बदलावं लागेल. लहानपणी कॅन्सरशी लढून उभी राहिलेली मुलगी ही काही लपवून खपवायची वस्तू नाही.

आता ही पाठ घेऊन ती दवाखान्यात आली आहे असं समजू. डॉक्टर काय करतो? बहुतेक वेळा योग्य तेच करतो. पाठदुखीच्या बहुतेक रुग्णांना विश्रांती आणि साध्या औषधाने बरं वाटतं. तो इंजेक्शन देतो, गोळ्या देतो. इथेच पहिला धोका आहे: डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा भार मूत्रपिंडावर पडतो आणि या बाईला मूत्रपिंड एकच आहे. पुढे एक्स-रे काढतात. साधा एक्स-रे हाड दाखवतो, मज्जारज्जूवरची मऊ गाठ त्यात दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांवर सहा महिने निघून जातात. दुखणं वाढलं, मणका खराब दिसला, तर आपल्याकडे आधी टीबीचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण मणक्याचा टीबी आपल्या भागात खरोखर आढळतो. पण तुकडा न तपासता टीबीचा कोर्स सुरू झाला आणि मागे शेकाचा इतिहास असेल, तर आणखी काही महिने गेले.

शेक घेतलेल्या पाठीत काय वेगळं दिसतं ते घरच्यांनीही ओळखावं. साधी कंबरदुखी कामाने वाढते आणि आडवं पडलं की उतरते. गाठीचं दुखणं पुष्कळदा रात्री, आडवं पडल्यावर वाढतं, झोपेतून उठवतं. छातीला किंवा पोटाला पट्टा आवळल्यासारखं वाटतं. पाय जड होतात, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि ते कळतही नाही. हे शेवटचं लक्षण शहाणा डॉक्टर मुद्दाम विचारतो. लघवीला घाई होणं किंवा लघवी तुंबणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं ही उशिराची लक्षणं आहेत. ती दिसली तर दिवसांचा नाही, तासांचा हिशोब असतो. शस्त्रक्रियेआधी जो माणूस चालत होता तो शस्त्रक्रियेनंतर चालण्याची शक्यता खूप जास्त असते. पाय पूर्ण गेल्यावर, गाठ काढली तरी ते परत येतीलच असं सांगता येत नाही. आणि यातल्या मेनिंजिओमा, श्वानोमासारख्या बऱ्याच गाठी काढून टाकता येतात, त्या काढल्या की माणूस बरा होतो. म्हणून उशिराचं दुःख अधिक आहे. गाठ असाध्य होती म्हणून पाय गेले असं नसतं, ती वेळेवर कुणी शोधली नाही म्हणून ते जातात.

जुनी नोंद फक्त संशय येण्यापुरती लागते असंही नाही. पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. गाठ पूर्ण निघाली नाही तर पुन्हा शेक द्यायचा का? नेहमीच्या पद्धतीने रोज थोडा थोडा शेक दिला तर मज्जारज्जू साधारण ४५ ते ५० ग्रेपर्यंत सुरक्षित सहन करतो, त्यापुढे त्याला स्वतःलाच इजा होते. आधी ११ ग्रे गेले होते की ३६, आणि नेमक्या कोणत्या मणक्यांवर, हे माहीत नसेल तर रेडिएशनचा डॉक्टर आंधळेपणाने मात्रा ठरवणार कशी? गाठ सार्कोमा निघाली तर डॉक्सोरुबिसिन लागू शकतं. या औषधाला हृदयाच्या दृष्टीने आयुष्यभराची एकूण मर्यादा असते आणि तिच्यातला काही भाग चौथ्या वर्षीच वापरून झालेला आहे. एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट द्यायचं तर आधी मूत्रपिंड एकच आहे हे कळायला हवं.

मग अशा सगळ्यांचा दरवर्षी पूर्ण कण्याचा एमआरआय करावा का? हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. लक्षणं नसलेल्या माणसाला अशी सरसकट तपासणी करावी, असं सांगायला पुरेसा पुरावा आज नाही. डोक्याला शेक घेतलेल्यांविषयी जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने २०२१ मध्ये विचार केला, तेव्हाही लक्षणं नसताना एमआरआय करावा की करू नये, अशी कुठलीच शिफारस त्यांना करता आली नाही. फोटोत एखादी निरुपद्रवी छटा दिसते आणि माणूस वर्षभर काळजीने जळतो, हेही नुकसानच आहे. त्याऐवजी वर्षातून एकदा नीट तपासणी व्हावी: चाल, पायांची ताकद, संवेदना, पाठीचा बाक, शेकाच्या जागेवरची कातडी. आणि लक्षण दिसलं की मात्र वाट न पाहता कॉन्ट्रास्टसह एमआरआय. काही मुलांमध्ये टीपी५३ किंवा एनएफ२ सारख्या जनुकांतला दोष जन्मतःच असतो, त्यांना शेकाचा परिणाम अधिक होतो. त्यांच्यासाठी वेगळं वेळापत्रक तज्ज्ञाने आखून द्यावं लागतं.

वार्षिक तपासणीसाठी मुंबई गाठायची गरज नाही. ती कळमनुरीत होऊ शकते, आखाडा बाळापूरला होऊ शकते, फाट्यावरच्या दवाखान्यातही होऊ शकते. तपासणाऱ्याला हातोडी, कापूस आणि दहा मिनिटं लागतात. शिवाय एक कागद लागतो. तो कागद अर्ध्या पानाचा असतो. त्यावर आजाराचं नाव आणि निदानाची तारीख असावी. शस्त्रक्रियेत काय काढलं ते असावं. औषधांची नावं आणि प्रत्येकाची एकूण मात्रा, आणि रेडिएशनचे एकूण ग्रे, तारखा व कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. उपचार करणाऱ्या डॉक्टरने उपचार संपतानाच तो हातात द्यायला हवा आणि आईबापांनी तो मूल सज्ञान झाल्यावर त्याच्या हातात द्यायला हवा. अठराव्या वर्षी मुलाला त्याच्या आजाराची पूर्ण गोष्ट बसवून सांगणं हे त्याच्या औषधपाण्याइतकंच आईबापांचं काम आहे.

गावातल्या डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे, की चाळिशीच्या आतल्या पाठदुखीला ‘जड काय उचललं?’ विचारताना ‘लहानपणी कधी शेक घेतला होता का, आणि तो कुठून गेला होता?’ हेही विचारा, आणि शक्यतो तिला एकटीला विचारा. आणि ज्यांच्या घरात असं मूल आहे किंवा होतं, त्यांनी आज ट्रंक उघडून बघावी. कागद असेल तर त्याचे फोटो काढून मुलाच्या, मुलीच्या फोनवर पाठवावेत. कागद नसेल तर जुना नोंदणी क्रमांक, नाव आणि त्या वेळचा पत्ता, म्हणजे १९९९ आधीचा असेल तर जिल्हा परभणी असाच लिहून, उपचार झालेल्या रुग्णालयाकडे उपचाराचा सारांश मागावा. जुनी फाईल शिल्लक असण्याची शक्यता अर्ज केल्याशिवाय कळत नाही. रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत त्या द्याव्यात, असं २००२ ची तीच आचारसंहिता सांगते.